जास्तीचे तीन बटाटे

डेल्फ्ट, गुरुवार, १३ एप्रिल २०२३

प्रिय रूलीन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच टाकून द्यावं असं तुझ्या मनात आलं असेल. टाकू नकोस. आत भांडण नाही. निदान पहिल्या पानावर तरी नाही.

जानेवारीत कोस गेल्याचं छापील कार्ड मी तुला धाडलं, तेव्हा उलट टपाली तुझं कार्ड आलं. दुकानात छापून मिळतात तसल्या दोन ओळी सांत्वनाच्या आणि खाली तुझी सही. सख्ख्या बहिणीचा नवरा गेला तरी हाताने एक शब्द लिहिला नाहीस. पण सहा वर्षांत तुझ्याकडून आलेली ती पहिलीच गोष्ट, म्हणून मी ते कार्ड स्वयंपाकघरात घड्याळाखाली लावलंय. कोस असता तर म्हणाला असता, "टीनेके, सही तर सही. तुझ्या घराण्यात ती म्हणजे निबंधच."

घरात एकटीच्या अंगावर भिंती यायला लागल्या. मग ठरवलं, म्हाताऱ्यांच्या रेल्वेपासावर मिळणारे फुकट प्रवासाचे दिवस वाया का घालवायचे? बाबांनी आपल्याला दाखवलेली जुनी गावं पुन्हा बघावीत. बाबा तिकीट तपासनीस, त्यामुळे गाडी फुकट, आणि त्यामुळेच आपलं सगळं जग म्हणजे हार्लेमहून सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला परत येता येईल एवढंच. दर उन्हाळ्यात एक गाव. आधी मनोरा चढायचा, मग त्याच्या पायथ्याशी चीज-पाव आणि उकडलेलं अंडं, आणि दिवसभरात दोघींपैकी एकीनेही कुरकुर केली नसेल तर आइस्क्रीम. ते आइस्क्रीम आपल्याला बहुतेक वेळा तुझ्यामुळे मिळालं नाही.

आज मी नव्या चर्चचा मनोरा चढायला घेतला आणि पहिल्या वळणावरच गुडघ्यांनी राजीनामा दिला. खाली उतरून कालव्याकाठी बसले. समोर तो जुन्या चर्चचा वाकडा मनोरा. एक वाटाड्या नारिंगी छत्री उंच धरून पंधरावीस पाहुण्यांना सांगत होता की कालवा बुजवून त्या भरावावर बांधला म्हणून कलला. एका बाईंनी घाबरून विचारलं, "मग हा पडणार कधी?"

"बाई, सहाशे वर्षं लोक हेच विचारतायत," तो म्हणाला. "तुमची कॉफी होईपर्यंत तरी नक्की टिकेल."

मला फार हसू आलं. शेजारी सांगायला कोणी नव्हतं, म्हणून तुला सांगतेय. नव्या चर्चचा मनोरा आपण चढलो तेव्हा पायऱ्या मोजत गेलो होतो, आठवतं? ३६७ भरल्या होत्या. बाबांनी वहीत लिहून ठेवल्या.

आता भांडणाचं. त्या संध्याकाळी तू माझ्या दारातून एक शब्द न बोलता गेलीस. पासष्टीची बाई, तोंड होतं ना तुला? एवढंच म्हणायचं होतं. बाकी मी बरी आहे.

तुझी,
टीनेके

गौडा, गुरुवार, ११ मे २०२३

प्रिय रूलीन,

तुझं उत्तर नाही. मीही ते येईल असं धरलं नव्हतं, तरी महिनाभर टपाल पडल्याचा आवाज आला की मी जिना दोन पायऱ्या एकदम उतरत होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे शोभत नाही.

आज इथे चीजचा बाजार आहे. चौकभर पिवळी चाकं रचलेली आणि भोवती कॅमेरे घेतलेली दुनिया. दोन बाप्ये जुन्या काळासारखे एकमेकांच्या हातावर टाळ्या मारून भाव ठरवतात, आणि पाहुणे त्या टाळ्यांनाही टाळ्या देतात. मी एका दुकानदारिणीला म्हटलं, "चार वर्षं मुरलेलं द्या, पण छोटा तुकडा. मी एकटी आहे."

"एकटी असलीस तर मोठा घे," ती म्हणाली. "चीज तक्रार करत नाही, नवऱ्यापेक्षा जास्त टिकतं, आणि वास येतो तो निदान ठाऊक असतो."

मोठा घेतला. मग चर्चमध्ये जाऊन काचेवरची ती रंगीत चित्रं बघितली. तिथेच तू नऊ वर्षांची असताना मान वर करून करून चक्कर येऊन पडली होतीस आणि बाबांनी तुला खांद्यावर टाकून बाहेर आणलं होतं. बाहेर आल्यावर तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. चक्कर खोटी होती. मी बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही, हे माझ्या बाजूने लिहून ठेव.

गेल्या पत्रात मी तुझ्या तोंडाचं बोलले. माझ्या तोंडाचंही बोलायला हवं. २०१६ चा नोव्हेंबर, गुरुवार. तुझ्या नवऱ्याच्या, हाइनच्या, कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले. सकाळीच तू फोनवर म्हणालीस की तो काठी घेऊन चालला आणि हॉस्पिटलच्या सूपला शिव्या दिल्या. म्हणजे बरा होता. सहाला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. दार उघडलं तर तू. मी म्हणाले, "अगं, आम्ही जेवायलाच बसतोय. साडेसातला ये ना कॉफीला."

यात मी वेगळं काय केलं? आपल्याकडे सहाच्या ठोक्याला न कळवता कोणी कोणाच्या दारात जात नाही, आणि गेलं तर हेच ऐकून घेतं. आई तर शेजारणीला फाटकातूनच परत पाठवायची, आणि शेजारणीला त्याचं काही वाटायचं नाही. बटाटे मोजून सोललेले असतात. माणशी तीन. पाहुण्याला काय, कोसच्या ताटातला उचलून देऊ?

तू म्हणालीस, "बरं." आणि गेलीस.

हाइन चारच्या सुमाराला गेला होता हे मला सोमवारी टपालाने आलेल्या काळ्या चौकटीच्या कार्डावरून कळलं. दारात उभी असताना तुला सांगता आलं असतं. एवढं एकच वाक्य, रूलीन. मी सहा वर्षं तुझ्यावर त्या एका वाक्यासाठी रागावलेय.

टीनेके

लायडन, गुरुवार, १ जून २०२३

प्रिय रूलीन,

आलं! तुझं चित्रकार्ड आलं!

पुढे झुटफेनची नदी आणि मागे, तुझ्या त्या काटेरी अक्षरात: "डेल्फ्ट ३७६. वही माझ्याकडे आहे. रू."

मी ते कार्ड घेऊन जिन्यातच बसले. हसले आणि मग रडले, आणि मग परत हसले. म्हणजे तू पत्रं फोडतेस! फोडतेस, वाचतेस, वर माझ्या चुका काढतेस. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते आपल्या दोघींकडे बघूनच. ठीक आहे, ३७६. तू म्हणशील ते. इथून पुढे मी मुद्दाम आकडे चुकवत जाणार आहे.

वही तुझ्याकडे आहे हे बरं झालं. मला वाटत होतं की आईचं घर आवरताना ती रद्दीत गेली. सात गावांची सात पानं आणि आठव्यावर बाबांच्या अक्षरात नुसतं 'झुटफेन'. त्या वर्षी त्यांच्या पाठीने दगा दिला आणि ते गाव राहून गेलं. हाइननंतर तू हार्लेम सोडून नेमकी तिथे राहायला गेलीस हे कळलं, तेव्हा कोस म्हणाला, "तिला तुझ्यापासून लांब जायचंय." मी म्हणाले, "तिला बाबांच्या जवळ जायचंय." दोन्ही खरं असेल.

लायडन छान आहे. किल्ल्याच्या टेकडीवर चढता आलं, तिथे पायऱ्या थोड्या आहेत. वर एक नवं जोडपं भेटलं, काही दिवस प्रवासात असलेलं. मुलगी म्हणाली, "आजी, पाच दिवसांत सहा गावं केली, आता मला सगळीच सारखी दिसतात. तुम्ही इथलं काय बघायला आलात?"

मी म्हणाले, "मला बहिणीला पत्र लिहायचंय, त्यासाठी बाक शोधतेय."

तिने नवऱ्याकडे असं बघितलं की म्हातारी थोडी सटकलीय. पण दोघांनी मला बाक शोधून दिला. त्याच बाकावर आहे.

कार्डाच्या बदल्यात तुला काहीतरी खरं द्यायला हवं. मग घे. त्या संध्याकाळी मी तुझ्या कोटाकडे बघितलं होतं. बटणं एकेक घर चुकवून लावलेली, एक टोक वर, एक खाली. तू, जी कपड्याच्या दोरीवरही चिमटे रंगाप्रमाणे लावतेस! मी ते बघितलं. आणि दार लावल्यावर खिडकीतून हेही बघितलं की तू सायकल हातात धरून पायी चाललीयस. चाकं धड असताना आपल्या गावात कोण सायकल चालत नेतं? मला त्याच क्षणी कळलं होतं की काहीतरी झालंय. काय ते कळलं नाही, पण काहीतरी. आणि मी मनात म्हटलं, साडेसातला विचारू.

मी तुझ्यावर एका वाक्यासाठी रागावले होते असं लिहिलं ना, ते मागे घेते.

टीनेके

एंकहाउझेन, गुरुवार, १३ जुलै २०२३

प्रिय रूलीन,

बंदरावर वारा इतका आहे की कागदावर एका बाजूला चप्पल ठेवलीय. जुन्या वेशीच्या बुरुजाखाली कच्च्या हेरिंगची गाडी लागते तिथेच आहे. बाबा मासा शेपटीला धरून उभा गिळायचे आणि आपण तोंड फिरवायचो. आज मी कांदा घालून खाल्ला. आवडला. साठ वर्षं उशीर झाला, पण आवडला.

आता जे घडलं ते सांगते. शेजारच्या गवतावर एक कुटुंब चादर पसरून बसलं होतं. मूळचे सुरीनामचे, अल्मेरेहून सहलीला आलेले. आई माझ्यापेक्षा थोडी लहान, नाव इंद्रा बिसेसर, आणि तिची मोठी मुलगी. आईने डबे उघडले आणि लांबूनच मला हाक मारली, "अहो ताई! एकट्या काय बसलात? या इकडे."

मी म्हणाले, "नको नको, तुमची जेवायची वेळ झालीय."

"म्हणून तर बोलावतेय! जेवण झाल्यावर बोलावून काय भांडी घासायला लावू?"

गेले. रोटी, कोंबडी, बटाट्याची पिवळी भाजी, बरोबर लांब शेंगांची भाजी. मी विचारलं, तुम्हाला पुरेल ना? ती म्हणाली, "आमच्याकडे माणसं मोजून घालत नाहीत. एक जास्तीचं असतंच. कोण येईल ते आपल्याला थोडंच माहीत असतं? आला नाही कोणी तर उद्या सकाळी मी खाते."

मुलगी म्हणाली, "आई, तू उद्या सकाळी खाऊन खाऊनच अशी झालीयस."

"तू गप्प बस. ताई, घ्या अजून."

आणि रूलीन, काय झालं ठाऊक नाही, बटाटा तोंडात असतानाच मी तिला सगळं सांगून बसले. गुरुवार, बेल, कॉफी, काळी चौकट. तिने ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "ती परत गेली?"

"हो."

"आणि तुम्ही जेवलात?"

सहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नव्हता विचारला. मी म्हणाले, हो, जेवले.

जेवले, रूलीन. चांगली भूक लागली होती. कोसने विचारलं, "कोण होतं?" मी म्हणाले, "रूलीन. साडेसातला येतेय." तो म्हणाला, "बरं," आणि रस्सा पुढे सरकवला. वर गार कस्टर्डही खाल्लं. मग चांगले कप काढून मांडले आणि तू आली नाहीस म्हणून चिडले. नऊ वाजता कप परत कपाटात ठेवले, आणि आपण होऊन फोन करायचा नाही असं ठरवलं. शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन दिवस ठरवत राहिले. त्या तीन दिवसांत तू एकटीने शवपेटी निवडलीस, कार्डं लिहिलीस. अंत्यविधीच्या प्रार्थनेच्या वेळी तू माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि मी घरी येऊन कोसला म्हणाले की रूलीनला दुःखाने अहंकार आलाय. असं म्हणाले मी. लाज वाटते.

इंद्राबाईंनी उपदेश केला नाही. एक रोटी कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "बहीण जिवंत आहे ना? मग रडता कशाला? गाडी पकडा."

टीनेके

हार्लेम, गुरुवार, २४ ऑगस्ट २०२३

प्रिय रूलीन,

एंकहाउझेनच्या पत्रानंतर तुझ्याकडून काही नाही. चित्रकार्डही नाही, चुकाही काढल्या नाहीस. पत्रात मी मुद्दाम एक चूक ठेवली होती, कस्टर्ड त्या दिवशी नव्हतंच, ताक-दह्याचं गोड होतं. ते तुला कसं कळणार म्हणा.

उट्रेख्त आणि होर्न करून आले, त्यांचं लिहिलं नाही. खरं सांगायचं तर गावं बघतच नव्हते. चर्चपुढे उभी राहून मनात तुझ्याशी बोलत होते. एवढे महिने ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललंय. म्हणून आज घरातूनच लिहितेय, त्या संध्याकाळी जेवलो त्याच टेबलावर.

बटाटे माणशी तीन असतात असं मी गौडाहून लिहिलं. माझे तीन, कोसचे तीन. त्या दिवशी पातेल्यात नऊ होते.

शुक्रवारी परतून खायला म्हणून मी गुरुवारी नेहमीच तीन जास्त टाकायचे. तुलाही माहीत आहे, आईही टाकायची. दार उघडं होतं, तू समोर उभी होतीस, आणि मागे शेगडीवर तुझे तीन बटाटे तयार होते. माझ्या ते मनातही आलं नाही. बटाटे नव्हते म्हणून नाही पाठवलं मी तुला परत. वेळ सहाची होती म्हणून पाठवलं. आणि शुक्रवारी ते तिन्ही लोण्यात परतून मी खाल्ले. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण तू त्या वेळी हाइनचे कपडे आणायला हॉस्पिटलमध्ये गेली होतीस.

मला क्षमा कर असं लिहायला हात वळत नाही, कारण तू करशील की नाही ते मला ठाऊक नाही, आणि नकार कागदावर वाचायची माझ्यात ताकद नाही. दारात ऐकून घेईन. चौदा सप्टेंबरला, गुरुवारी, मी झुटफेनला येतेय. बाबांच्या वहीतलं आठवं गाव. सहा वाजता तुझी बेल वाजवेन. जेवून येणार नाही, डबाही आणणार नाही. दार उघडलं नाहीस तर परतीची गाडी आहे.

तू मला हवी आहेस. कोस गेल्यावर मला सगळ्यात आधी तुलाच सांगायचं होतं, आणि छापील कार्ड पाठवावं लागलं.

तुझी,
टीनेके

झुटफेन, गुरुवार, १४ सप्टेंबर २०२३

रूलीन,

साडेपाच वाजलेत. तुझ्या घरासमोर नदीकाठच्या बाकावर आहे. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, हातातच असू दे, म्हणून लिहितेय.

दुपारी चर्चमधलं ते जुनं ग्रंथालय बघितलं, साखळीने बांधलेली पुस्तकं. फरशीवर सैतानाच्या पावलांचे ठसे आहेत. तिथला म्हातारा सांगत होता की उपासाच्या दिवसांत एक साधू चोरून कोंबडी खात बसला, म्हणून सैतानाने त्याला रात्रभर आत कोंडलं. मी म्हणाले, "आणि चोरून बटाटे खाल्ले तर?" म्हातारा म्हणाला, "बाई, बटाट्यासाठी सैतान येत नाही. त्याला तेवढा वेळ नसतो." मला थोडं बरं वाटलं.

तुझ्या खिडक्यांना पडदे नाहीत. आपण कोणीच लावत नाही म्हणा. तू आत इकडून तिकडे जातेयस. केस पांढरेच ठेवलेस. चांगले दिसतात.

सहाला पाच कमी. उठते.

हार्लेम, शुक्रवार, १५ सप्टेंबर २०२३

प्रिय रूलीन,

पाहुणचाराचं आभारपत्र दुसऱ्या दिवशी लिहायचं असतं, आईची शिकवण. म्हणून लिहितेय. तू म्हणशील, काल सगळा वेळ मी तिथेच होते, मला काय सांगतेस? पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुला माहीत नाही.

तू दार उघडलंस. ॲप्रन, हातात काटा. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, "आम्ही जेवायलाच बसतोय. साडेसातला ये कॉफीला." आणि दार लावलंस.

जोरात नाही लावलंस. मीही जोरात नव्हतं लावलं.

मी म्हणाले, "बरं." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तुझ्या चार पायऱ्या उतरून रस्ता ओलांडला आणि परत त्या बाकावर बसले. नदीवरून गार वारा येत होता. मला वाटलं, बरोबर आहे. हेच माझं आहे. दीड तास बसायचं आणि साडेसातला बेल वाजवायची. तेव्हाही नाही उघडलं तर पुढच्या गुरुवारी. मी त्या बाकावर पहिल्यांदा तुझ्या जागी बसले, रूलीन. सहा वाजता सगळ्या खिडक्यांत टेबलं मांडलेली, सगळी माणसं ताटावर, आणि आपण बाहेर. आणि माझा नवरा तर आठ महिन्यांपूर्वी गेलाय. तुझा दोन तासांपूर्वी गेला होता.

समोर तुझी खिडकी. तू टेबलाशी बसलीस. पातेलं मध्ये. हात मांडीवर. खाल्लं नाहीस. मी तुझ्याकडे बघतेय, तू माझ्याकडे. रस्त्यातून एक सहलीचा जथा गेला, वाटाड्या नदीकडे हात करून काहीतरी सांगत होता, आणि तेवढा वेळ तू मला दिसली नाहीस. ते पुढे सरकले तर तू खिडकीपाशी उभी, आणि काचेवर काटा ठोकतेयस.

चर्चच्या घड्याळात बघितलं. सहा वाजून अठरा मिनिटं. तुझा दीड तास अठरा मिनिटांत संपला. बाबांनी याला कुरकुर म्हटलं असतं आणि आइस्क्रीम बंद केलं असतं.

दारात तू म्हणालीस, "आत ये, मूर्ख. माझ्याने नाही होत."

मी म्हणाले, "दीड तास म्हणाली होतीस."

"तुला बसता येईल गं. मलाच बघवेना."

मग तू मला जे सांगितलंस ते मी रात्री गाडीत हजारदा ऐकलं. की त्या संध्याकाळी तू साडेसातला परत आली होतीस. गल्लीत उभी राहून आमच्या खिडकीतून बघितलंस, मी चांगले कप मांडत होते. तीन. हाइन हॉस्पिटलमध्ये म्हणून मी तीनच काढले होते. आणि तू ते मोजलेस, आणि तुला वाटलं, आता कायमचे तीनच. म्हणून बेल वाजवली नाहीस. मी आत, तू बाहेर, मध्ये एक काच, आणि मला कळलं नाही. तुझा हात धरून बसले होते तेवढंच माझं उत्तर.

पण ते पातेलं! झाकण काढलंस तर नऊ बटाटे. मी म्हणाले, "एकटीला नऊ?"

तू म्हणालीस, "एप्रिलपासून रोज जास्तीचे सोलतेय. तू कुठल्या गुरुवारी उगवशील याचा काय भरवसा? भाजीवाल्याला वाटतंय मी घरात कोणी पुरुष ठेवलाय. परवा विचारत होता, 'साहेबांना हे वाण आवडलं का?'"

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, साहेब अजून पोचायचेत. हट्टी आहेत."

मी इतकी हसले की रस्सा सांडला. तुझ्या टेबलावरचा तो डाग निघाला का? बाबांच्या वहीतल्या आठव्या पानाचं मात्र मला पटलेलं नाही. 'झुटफेन: ४' असं तू लिहिलंस ते तुझ्या दाराच्या पायऱ्या मोजून, आणि ही शुद्ध फसवणूक आहे. बाबा असते तर दोघींना उतरवून खरा मनोरा चढायला लावला असता. पुसू नकोस पण.

निघताना तू लोण्याच्या रिकाम्या डब्यात उरलेले तीन बटाटे घालून दिलेस. म्हणालीस, "शुक्रवार आहे उद्या." आत्ता ते लोण्यात परतून, वर मीठ घालून खाल्ले. डबा धुऊन ठेवलाय, तो न्यायला तुला यावं लागेल.

पुढच्या आठवड्यात येते म्हणालीस, आणि लगेच डायरी काढून वार आणि वेळ लिहायला लागलीस. मी तुझा हात धरला ते याचसाठी. लिहू नकोस, रूलीन. येशील तेव्हा ये, सकाळी ये, रात्री ये, सहाच्या ठोक्याला ये. मला कळवू नकोस.

तुझी,
टीनेके